तेल असतं, पण तोंडाशी नसतं: स्पोर्ट्स कार पहिल्यांदा ट्रॅकवर नेणाऱ्यांसाठी

शहाळं पिताना शेवटी काय होतं ते आठवा. आत अजून चार घोट पाणी असतं, पण शहाळं जरा कलतं आणि स्ट्रॉमधून खर्रर्र असा नुसता हवेचा आवाज येतो. पाणी संपलेलं नसतं. ते एका कडेला गेलेलं असतं आणि स्ट्रॉचं टोक दुसऱ्या कडेला. आपण शहाळं उलट बाजूला कलतं करतो आणि उरलेलं पाणी पिऊन टाकतो. इंजिनाला ही सोय नाही. ट्रॅकवरच्या लांब वळणात इंजिनाखालच्या डब्यातलं, म्हणजे चेंबरमधलं, तेल एका भिंतीवर चढतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढायला लागतो. त्या वेळी इंजिन सहा हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी, फिरत असतं.

याला ऑइल स्टार्व्हेशन म्हणतात. त्याची सगळ्यात नेमकी व्याख्या मला लालबागच्या एका गॅरेजात ऐकायला मिळाली. चेन्नईच्या ट्रॅकवरून माझी गाडी फ्लॅटबेडवर परत आली होती. तिसऱ्या सेशनमध्ये खालून टक् टक् सुरू झालं होतं आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, येईपर्यंत त्या टक् टक् चं ठोक् ठोक् झालं होतं. मिस्त्रींनी चेंबर खोलला, तिसऱ्या नंबरच्या कनेक्टिंग रॉडची टोपी काढली आणि बिगेंडचं शेल, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाच्या बेरिंगचा अर्धा भाग, माझ्यापुढे तळहातावर धरलं. कापलेल्या बांगडीसारखा तो अर्धगोल तुकडा. जिथे एकसारखा राखाडी रंग असायला हवा, तिथे मधोमध पुसल्यासारखा तांबूस पट्टा आणि कडेला धातू वितळून सरकलेला. मी म्हणालो, "काका, तेल पूर्ण होतं हो. सकाळीच बघितलं होतं." शेलवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "मेल्या, तेल होतां. तोंडाक लागूंक नाय."

पुढचं सगळं त्या एका वाक्याभोवती आहे. नवी मंडळी ट्रॅकची तयारी म्हणजे ब्रेक पॅड, हेल्मेट आणि एक्झॉस्ट असं धरतात. तेलाकडे बघायचं ते कमी आहे की भरलेलं एवढंच. प्रश्न तिसराच असतो: भर वळणात ते जाळीच्या तोंडाशी आहे का?

आधी आकडा समजून घ्या

बहुतेक गाड्यांत, अगदी बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्येही, इंजिनाच्या तळाशी पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा खोलगट डबा असतो. पुस्तिकेत त्याला संप म्हणतात, गॅरेजात चेंबर. आत साधारण चार ते सात लिटर तेल. तळापासून थोडी वर पंपाची जाळी, म्हणजे स्ट्रेनर. तिथून तेल पंपात, फिल्टरमध्ये आणि मग क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेरिंगांत जातं. क्रँक आणि बेरिंग यांच्यातली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते, मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. त्या फटीत दाबाखाली तेलाचा थर असतो म्हणून धातूला धातू लागत नाही. थर तुटला की बेरिंगला काही सेकंदही पुरतात.

आता कलण्याचं गणित. वळणात बाजूने बसणारा जोर आपण जीमध्ये मोजतो. १ जी म्हणजे वस्तूच्या वजनाएवढाच जोर आडवा. खाली वजन तेवढंच आणि बाजूला जोरही तेवढाच, म्हणून तेलाचा पृष्ठभाग बरोबर ४५ अंशांनी कलतो. हा कोन तेल पातळ की जाड, चेंबर लहान की मोठा, यावर ठरत नाही.

वांद्रे-वरळी सी लिंकवर ताशी ८०ने गेलात तर चेंबरमधलं तेल जेमतेम हलतं. तोच ८०चा वेग ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ठेवलात तर हिशोब जवळजवळ १ जी येतो. त्याच वळणात घाटात जातो तसं ५०ने गेलात तर ०.४ जी आणि तेलाचा कल साधारण २१ अंश. म्हणून खंडाळ्याच्या घाटात वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं इंजिन ट्रॅकवर पहिल्याच दिवशी बसू शकतं. गाडी बनवणाऱ्याने चेंबर रस्त्याच्या वापरासाठी आखलेला असतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

कोनाइतकाच वेळही महत्त्वाचा. छोट्या वळणात तेल कलतं, पण जाळी पूर्ण उघडी पडायच्या आत गाडी सरळ होते. लांब, सलग वळणात ते चार-पाच सेकंद कललेलंच राहतं. त्यात भर म्हणजे वरच्या आरपीएमला बरंच तेल सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर, अडकलेलं असतं आणि खाली उतरायला वेळ घेतं. तेल मोजायच्या पट्टीवर, म्हणजे डिपस्टिकवर, सकाळी दिसलेलं पाच लिटर त्या क्षणी चेंबरमध्ये नसतंच. सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असलेल्या सपाट बॉक्सर इंजिनात तर बाहेरच्या बाजूचं हेड हाच खड्डा होतो, तेल तिथे जाऊन बसतं. आडव्या बसवलेल्या इंजिनात, म्हणजे आपल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक हॅचबॅकमध्ये, क्रँक गाडीच्या रुंदीत असते. त्यामुळे वळणात तेल चेंबरच्या लांबीभर धावतं. उभ्या बसवलेल्या इंजिनाला जोरदार ब्रेकिंगही तेवढंच नडतं.

पायरी १: कुठे जाताय ते बघा

मुंबईकराला ट्रॅक म्हणजे प्रवास. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९०पासून चालू असलेला ट्रॅक आहे, लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. मुंबईजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ थेट त्याच्या दारावरून जातो, अंतर साधारण १,३०० किलोमीटर. कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, तो आखूड. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. तिथे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आणि त्यापाठोपाठ कडक ब्रेकिंग, पुढे लांबलचक बँकिंगचं वळण. तेलाच्या दृष्टीने ही सगळी परीक्षेची ठिकाणं.

ट्रॅकचा नकाशा काढा आणि दोन गोष्टींवर पेनने गोल करा: सर्वांत लांब वळण, आणि जिथे जोरात ब्रेक मारता मारताच गाडी वळवायची आहे ती जागा. दुसऱ्या ठिकाणी तेल आधी पुढे जातं आणि मग तिरकं बाजूला. ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणजे तेल जास्त वेळ डावीकडे. तुमच्या गाडीची जाळी चेंबरच्या उजव्या कडेला असेल तर काळजी दुप्पट. जाळी कुठे आहे हे मिस्त्री दोन मिनिटांत सांगेल.

आणि हो, ही तपासणी रात्री बीकेसीत किंवा मरीन ड्राइव्हवर करायची नाही. साधी मोटर पॉलिसी शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळते, हेही ट्रॅकवर जाण्याआधी वाचून घ्या.

पायरी २: लेव्हल, आणि ती बघायची जागा

सगळ्यात स्वस्त पायरी आणि सगळ्यात जास्त चुकणारी. माझीही इथेच चुकली होती. "सकाळीच बघितलं होतं" हे मी मिस्त्रींना सांगितलं ते खोटं नव्हतं, पण कुठे बघितलं होतं? मुंबईत, निघायच्या सकाळी, सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये. तो प्लॅटफॉर्म थोडा मागे उतरता असतो, पाऊस पडला की पाणी निघून जावं म्हणून. डिपस्टिकवर मॅक्स दिसलं, प्रत्यक्षात तेल त्याखाली होतं. मग १,३०० किलोमीटरचा प्रवास आणि दोन सेशन, आणि डिपस्टिकला परत हात नाही.

तेव्हा नियम असा: सपाट जागा शोधा. पेट्रोल पंपाच्या आवारात सहसा उतार असतो, बिल्डिंगच्या रॅम्पवर तर असतोच. मला सपाट जागा मिळाली ती टायरवाल्याच्या अलाइनमेंटच्या रॅकवर. इंजिन गरम करून बंद करा, पाच मिनिटं थांबा, पट्टी पुसा, परत घाला, मग वाचा. बहुतेक गाड्यांत मिन आणि मॅक्समध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. रस्त्यावर मधली रेघ चालते. ट्रॅकवर बरोबर मॅक्स.

काही जण मॅक्सच्याही वर अर्धा लिटर टाकतात. काही इंजिनांत ते खरंच कामी येतं. पण जास्त झालं तर फिरती क्रँक तेलात बुडते, ताक घुसळल्यासारखा फेस करते, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. ब्रीदरच्या नळीतून तेल इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या वाटेत, जाऊन मागे निळा धूर निघतो ते वेगळंच. तुमच्याच मॉडेलची गाडी ट्रॅकवर चालवणाऱ्या दोन-तीन जणांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नका.

ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर डिपस्टिक. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दोन सर्व्हिसच्या मध्ये थेंबभर तेल न खाणारं इंजिन ट्रॅकवर दिवसभरात अर्धा लिटर सहज खाऊ शकतं. एक लिटरचा डबा आणि फनेल बूटमध्ये असलंच पाहिजे. डिपस्टिकच नसलेल्या नव्या गाड्यांत स्क्रीनवर लेव्हल बघावी लागते आणि त्याच्या अटी पुस्तिकेत असतात. त्या घरीच वाचून ठेवा, पिटमध्ये उन्हात नाही.

पायरी ३: तेल कोणतं

इथे लोक फार वेळ घालवतात, तेवढा घालवू नका. कंपनीने मान्य केलेल्या ग्रेडमधलं वरचं ग्रेड घ्या. ५डब्ल्यू-३० सांगितलं असेल आणि ५डब्ल्यू-४० ला परवानगी असेल तर ट्रॅकसाठी ४०. गरम झाल्यावर ते जरा जास्त दाट राहतं. पण दाट तेल हा स्टार्व्हेशनवरचा उपाय नाही. जाळी उघडी पडली की दाट काय नि पातळ काय, ओढली जाते ती हवाच. उलट फार दाट तेल हेडमधून खाली उतरायला जास्त वेळ घेतं.

ताजं तेल मात्र हवंच. तेलात फेस मोडणारी रसायनं असतात आणि जुन्या तेलात त्यांचं बळ कमी झालेलं असतं. थेट इंजेक्शनच्या टर्बो गाड्या छोट्या छोट्या फेऱ्यांत तेलात पेट्रोल मिसळतात, दादर ते परळ अशी ये-जा असेल तर विशेष. ट्रॅकच्या आधी बदला आणि नंतरही बदला. घ्याल ते अधिकृत विक्रेत्याकडून आणि बिलासकट. नामांकित ब्रँडच्या डब्यांत भरलेलं नकली तेल बाजारात फिरतं.

तेलाचं तापमान: ८० अंशांच्या आत जोर लावायचा नाही, ९० ते १२० मध्ये निवांत, १३०च्या वर गेलं की एक फेरी सावकाश. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल गरम झालं असं नाही, तेलाला त्याहून बराच वेळ लागतो.

पायरी ४: प्रेशर दिसलं पाहिजे

मला एकच वस्तू घ्यायची परवानगी असती तर मी ही घेतली असती. डॅशबोर्डवरचा तांबडा ऑइल दिवा बहुतेक गाड्यांत अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास किंवा त्याखाली लागतो. सहा हजार आरपीएमवर अर्धा बार म्हणजे दिवा बातमी देत नाही, श्रद्धांजली देतो. शिवाय वळणात डोळे रस्त्यावर असतात आणि दिवा सेकंदभर लागून विझतो.

म्हणून खरं गेज लावा: ० ते १० बारचा सेंडर (प्रेशर मोजणारा सेन्सर), डिस्प्ले, आणि मोठा दिवा किंवा बझर. प्रेशर स्विचच्या जागी टी लावून तिथून सेंडर घेता येतो किंवा फिल्टरखाली सँडविच प्लेट बसवता येते. आता दोन बारीक गोष्टी, ज्यांनी माझे दोन रविवार खाल्ले. एक, सेंडर थेट इंजिनावर लांब पितळी ॲडॉप्टरला लटकवू नका. तो जड असतो, कंपनांनी ॲडॉप्टरला चीर जाते आणि तेल गरम एक्झॉस्टवर उडतं. छोटा ब्रेडेड होज घेऊन सेंडर बॉडीला क्लँप करा. दोन, आटे. नागदेवी स्ट्रीटला हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात "एक अष्टमांश" मागितलंत की तो विचारेल अमेरिकन एनपीटी आटे की ब्रिटिश बीएसपी. एकात इंचाला २७ आटे, दुसऱ्यात २८. हाताने दोन-तीन फेरे दोन्ही बसतात, म्हणूनच माणूस फसतो. मग पाना लावला की अडकतं, आणि तरी दाबलं तर ब्लॉकचे आटे जातात. जुना स्विच खिशात घालून न्या आणि दुकानातच लावून बघा. टेफलॉन टेप गुंडाळलात तर पहिले दोन आटे मोकळे सोडा, तुकडा तुटून तेलाच्या वाटेत जायला नको.

बझर कितीला लावायचा? जुना ढोबळ नियम म्हणजे गरम तेलावर दर १,००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार. पण आजच्या कित्येक इंजिनांत दोन टप्प्यांचा किंवा बदलत्या क्षमतेचा पंप असतो, तो मुद्दाम कमी प्रेशरवर चालतो. तिथे हा नियम धरलात तर दिवसभर उगाच धास्ती. त्यापेक्षा पहिल्या सेशनला तेल गरम झाल्यावर सरळ पट्ट्यावर किती आरपीएमला किती बार येतं ते नोंदवा. तो तुमचा पाया. ५,०००ला सरळीवर ४ बार येत असतील तर बझर अडीचला.

शक्य असेल तर प्रेशर, आरपीएम आणि बाजूचा जी एकत्र नोंदणारा लॉगर घ्या, सेकंदाला किमान दहा नोंदी करणारा. मोबाइलचं साधं ॲप सेकंदाला एकदा बघतं, आणि प्रेशर पडल्याचा नेमका खड्डा दोन नोंदींच्या मध्ये येतो. घरी येऊन आलेख उघडा. प्रेशरची रेघ आरपीएमबरोबर वरखाली होणारच, त्यात काही नाही. आरपीएम वर असताना जीच्या उंचवट्याबरोबर प्रेशर खाली गेलं आणि गाडी सरळ झाल्यावर लगेच परत आलं, तर ते स्टार्व्हेशन. सगळ्या फेरीभर हळूहळू खाली येत असेल तर तेल तापतंय. आणि गरम आयडलला रोजच कमी येत असेल तर बेरिंग किंवा पंप आधीच थकलेत, ट्रॅकचा विचार सोडा.

पायरी ५: टायरचा मोह आवरा

ही पायरी कुठल्याच यादीत नसते. चांगल्या रस्त्याच्या टायरवर स्पोर्ट्स कार साधारण ०.९ ते १ जी धरते. सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे जास्त चिकट टायर, टाकलेत की १.१, १.२. वर ४५ अंशांचा जो हिशोब केला तो १.२ला ५० अंशांवर जातो, आणि वळणातला वेग वाढल्याने आरपीएमही वर. म्हणजे तुम्ही इंजिनाला हात न लावता त्याचा चेंबर अपुरा केलात. माझं स्पष्ट मत: पहिला संपूर्ण सीझन रस्त्याच्या टायरवर. चालवायलाही त्यावरच जास्त शिकायला मिळतं. सेमी-स्लिक आणि चेंबरमधलं काम एकाच बिलात यायला हवं.

पायरी ६: चेंबरमध्ये भिंती

आलेखात खड्डे दिसले तर पुढचं काम बॅफलचं. आमटीचं पातेलं घेऊन बसमध्ये बसा, आमटी सांडेल. तीच आमटी चार पुडांच्या डब्यात घेतलीत तर ती हलते, पण आपापल्या पुडात. बॅफल म्हणजे चेंबरमध्ये घातलेले पुडे. जाळीभोवती चौकोनी खोका, त्याच्या भिंतींना आतल्या बाजूला उघडणाऱ्या झडपा: तेल आत येतं, बाहेर जायला लागलं की झडप मिटते. वरून झाकण, म्हणजे ब्रेकिंगला तेल भिंतीवरून उडी मारणार नाही.

तुमच्या गाडीसाठी तयार बॅफल मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर पत्र्याच्या चेंबरमध्ये चांगला फॅब्रिकेटर बनवून देतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आधी एक जुना, सेकंडहँड चेंबर उचला आणि त्यावर काम करा, म्हणजे तोवर गाडी लिफ्टवर अडकून पडत नाही. ओतीव ॲल्युमिनियमचा चेंबर असेल तर जपून. त्यात वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं, वेल्डिंगला फुगे येतात आणि मग झिरपत राहतो. तिथे स्क्रूने बसणारा बॅफल बरा.

परत बसवताना दोन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. जाळी आणि चेंबरचा तळ यांत किती अंतर आहे? साधारण ६ ते १० मिलिमीटर ठीक. त्याहून जास्त असेल तर जाळी लवकर उघडी पडते, फार कमी असेल तर तेल ओढता येत नाही. मोजायची युक्ती: मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा जाळीवर चिकटवा, चेंबर गॅस्केटसकट हलकेच लावा, काढा, आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. क्ले मग आठवणीने काढा. माझ्या मुलीने तो गोळा परत मागितला होता, तो काळा झालेला.

दुसरी गोष्ट सिलिकॉन. मिस्त्री लोकांना सिलिकॉन लावताना हात सैल सोडायची सवय असते. बाहेर जेवढी जाड कड दिसते तेवढीच आत दाबली गेलेली असते, आणि आतली कड शेवयांसारखी तुटून जाळीत जाऊन बसते. मग तेल तोंडाशी असूनही आत जात नाही. पातळ, सलग धार पुरे, आणि किती वेळ वाळू द्यायचं ते ट्यूबवर लिहिलेलं असतं. चेंबर निघालाच आहे तर जाळीत आधीच्या शेवया आहेत का तेही बघून घ्या.

पायरी ७: साठवणीचं तेल

बॅफल घालूनही खड्डे उरले तर ॲक्युसंप. हा एक नळकांडा असतो, आत पिस्टन, एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचं तेल. प्रेशर भरपूर असताना तो दोन-तीन लिटर तेल स्वतःत भरून घेतो. पंपाने हवा ओढली आणि प्रेशर पडलं की ते तेल बेरिंगांकडे ढकलतो. इमारतीवरची पाण्याची टाकी जशी पंप बंद पडल्यावर काही वेळ नळ चालू ठेवते, तसंच. फक्त इथे तो वेळ काही सेकंदांचा. लांब वळण पार करायला बहुधा तेवढे पुरतात. इंजिन सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह उघडला तर बेरिंगांना तेल आधी मिळतं, हा आणखी एक फायदा. तेलाचा हिशोब मात्र नव्याने करावा लागतो, कारण नळकांड्यातलं तेल इंजिनात उतरलं की चेंबरची लेव्हल वर जाते.

पायरी ८: ड्राय संप, म्हणजे बहुतेकांनी वाचून सोडून द्यायची पायरी

यात चेंबरमध्ये तेल साठवतच नाहीत. ओढून घेणारे वेगळे पंप खाली पडलेलं तेल आणि हवा दोन्ही उचलून उंच, उभट टाकीत टाकतात. तिथे हवा सुटते आणि टाकीच्या तळातून मुख्य पंपाला सलग तेल मिळतं. पोर्श ९११ जीटी३, पहिल्या पिढीची मर्सिडीज-एएमजी जीटी यांना ही रचना कारखान्यातूनच आहे. पोर्शच्या बॉक्स्टरला 'इंटिग्रेटेड ड्राय संप' म्हणतात, पण तिथे वेगळी टाकी नसते, तेल इंजिनाच्या आतच साठतं. तेव्हा नावावर जाऊ नका, टाकी कुठे आहे ते विचारा. गंमत म्हणजे आपल्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटलाही ड्राय संपच होता, टाकी इंजिनाच्या ओतकामातच. साध्या गाडीला बाहेरून ड्राय संप करायचा खर्च लाखांत जातो. स्लिक टायरवर शर्यत लावणार असाल तरच तो विषय काढा.

पायरी ९: बझर वाजला तर

घरी बसून चार वेळा मनात घोकून ठेवा, कारण प्रत्यक्षात विचार करायला वेळ नसतो. वळणाच्या मध्ये ॲक्सिलरेटर झटकन सोडायचा नाही, गाडीची शेपूट फिरेल. पाय हलकेच उचला, स्टिअरिंग जरा सैल सोडून वळण रुंद होऊ द्या. गाडी सरळ झाली की क्लच दाबा, आरपीएम पडू द्या. प्रेशर परत आलं? उरलेली फेरी सावकाश, मागच्यांना इशारा म्हणून हात बाहेर, पिटमध्ये. परत आलंच नाही? ट्रॅकच्या कडेला सुरक्षित जागी थांबवा आणि इंजिन बंद. "पिटपर्यंत तर नेतो" हा विचार मीही केला होता. त्या अर्ध्या फेरीने शेलबरोबर क्रँकही खाल्ली, मग क्रँकचं ग्राइंडिंग आणि त्याने बारीक झालेल्या क्रँकला बसणारं अंडरसाइज बेरिंग, म्हणजे खर्च तिप्पट.

बझर वाजायची वाट न बघताही पायाने बरंच करता येतं. लांब वळण एक गिअर वर ठेवून घ्या. ताकद थोडी कमी मिळते, पण आरपीएम हजार-दीड हजाराने खाली राहतात, त्यामुळे बेरिंगांवरचा भार घटतो आणि हेडमध्ये कमी तेल अडकतं. नवख्याचा त्याने जेवढा वेळ जातो त्याहून जास्त तो चुकीच्या लाइनने घालवत असतो.

पायरी १०: परत आल्यावर फिल्टर उघडा

तेल बदलताना जुना फिल्टर टाकून देऊ नका. कागदी कार्ट्रिज असेल तर काम सोपं. पत्र्याचा डबा असेल तर हॅक्सॉने कापू नका, कापल्याचाच चुरा आत पडतो आणि तोच बघून घाबरायला होतं. फिल्टर कटर घ्या. कागदाच्या घड्या ब्लेडने कापून काढा, पेट्रोल नसलेल्या क्लीनरने हलकेच धुवा, पिळा आणि गॅलरीत उन्हात पसरा. ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही, सकाळचं तिरपं ऊन हवं.

चार-दोन ठिपके कुठल्याही इंजिनात सापडतात. तांबूस किंवा चंदेरी पापुद्रे, नखाने उचलता येतील असे, दिसले तर लोहचुंबक फिरवा. बेरिंगचा वरचा थर चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे "चुंबकाला काही लागलं नाही" ही इथे चांगली बातमी नव्हे. असे पापुद्रे दिसले तर गाडी चालू करू नका, चेंबर खोला. या टप्प्यावर नुसते शेल बदलून भागू शकतं.

कागद स्वच्छ निघाला तर त्यावर मार्करने तारीख आणि ट्रॅकचं नाव लिहून पिशवीत ठेवा, पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघता येतो. आणि काढलेलं तेल नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते रिसायकलवाल्याकडे जातं. आमच्या वॉचमनने एकदा ते गेटच्या बिजागऱ्यांना घालायला मागितलं होतं. वाटीभर दिलं. गेट अजून करकरतंच.